तिथीची पाऊणपट

दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, त्यावर नाशिककर गोदावरीचा पूर मोजतो. पाणी एकदा उतरलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत निर्धास्त. याच सवयीने भाऊबीजेच्या रात्री निघून आंजर्ल्याला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून दोन वाजता पोरांना खेकडे दाखवायला नेलं. पण किनारा होताच कुठे? पाणी जवळजवळ सुरूच्या झाडांपर्यंत. उतरलो होतो त्या घरचे काका हसले. ‘‘आज तृतीया ना? तिथीची पाऊणपट करायची. तीन पाऊण सव्वादोन. ऐन भरतीला गेलात की! उद्या चार पाऊण तीन, ओहोटी त्याआधी सहा तास. सकाळी नऊला जा.’’

कोकणातला हा हिशेब भन्नाट आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे दर तिथीला 48 मिनिटं. खरा गुणक हवा 0.8, पण तोंडी हिशेबाला पाऊणकी सोपी. चूक फार तर पाऊण तासाची, तीही पंधरवडा संपता संपता. संकष्टीला चंद्राची वाट पाहणाऱ्यांना हे सरकणं ठाऊक असतंच. पृथ्वीची एक फेरी होईतो चंद्र थोडा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला तिला सरासरी 50 मिनिटं जास्त लागतात.

पण भरती दिवसातून दोनदा का? चंद्र तर एकच. इथे बहुतेकांची गल्लत होते. चंद्र पाणी ‘ओढतो’ हे अर्धंच खरं. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे. चंद्राकडच्या बाजूवर ओढ जास्त, पृथ्वीच्या केंद्रावर त्याहून कमी, पलीकडच्या बाजूवर सर्वांत कमी. दोन टोकांत सुमारे सात टक्क्यांचा फरक. अलीकडचं पाणी पृथ्वीच्या पुढे ओढलं जातं, पलीकडचं मागे रेंगाळतं. फुगवटा दोन्हीकडे, आमच्या मारुतीच्या तोंडांसारखा. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, हा फरक मात्र घनाने. म्हणून पृथ्वीला चंद्राच्या सुमारे 180 पट जोराने ओढणारा सूर्य भरतीत चंद्राच्या निम्म्यालाही पुरत नाही. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचे फुगवटे एका रेषेत येतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात येतात तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती. प्रत्यक्षात किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली या फुगवट्यांची पार मोडतोड करतात, त्यामुळे पाऊणकी कोकणात चालते म्हणून चेन्नईला चालेलच असं नाही.

त्याच रात्री घरच्या ग्रुपवर निरोप आला : ‘शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला मन सैरभैर होतं.’ अहो, पृथ्वीचा व्यास 12,742 किलोमीटर. एवढ्या लांबीवर फरक सात टक्के. साडेपाच-सहा फुटी माणसासाठी त्याला आणखी सुमारे 75 लाखांनी भागा! गंगापूर धरणालासुद्धा पौर्णिमेला दिसण्याजोगी भरती येत नाही, तर आपलं काय घेऊन बसलात.

चतुर्थीला नऊच्या आत पोचलो. समुद्र दूर गेलेला आणि ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी. प्रत्येक रांगोळीच्या मध्यभागी बीळ, त्याभोवती नखाएवढा खेकडा. नांगीने वाळू उचलायची, तोंडात तिच्यावरचं शेवाळ आणि सेंद्रिय कण वेगळे करायचे, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. धाकटी उकिडवी बसून गोळ्या मोजत होती. साठापर्यंत गेली आणि तिची सावली पडताच खेकडा गडप. पाच मिनिटं श्वास रोखून बसल्यावर आधी दोन डोळे वर आले, मग तो. पलीकडे चिखल्या पक्षी चार पावलं धावत, थबकत, टोच मारत होते.

साडेदहाला पाणी परतू लागलं. लाट अजून लांब होती, तोच धाकटीच्या खेकड्याने वाळूचं बूच लावून बीळ आतून बंद केलं. आत त्याच्यापुरती हवा कोंडलेली. साठ गोळ्या पुसायला लाटेला अजून थोडा वेळ होता.