उंचवट्यावरून सुटलेली वाघीण

मालगाडीच्या डब्याला रेल्वेत वाघीण म्हणतात. एका गाडीतल्या सगळ्या वाघिणी एकाच गावी जायच्या नसतात. त्या सुट्या करून एका दिशेच्या एका रुळावर जमवायच्या, हे काम मोठ्या यार्डात उतारावर सोपवलेलं असतं.

त्याआधी कामगार गाडीच्या कडेकडेने चालत प्रत्येक वाघिणीखालची दांडी ओढतो. फुस्स करून हवा निघून जाते. एअरब्रेकची तऱ्हा उलटी आहे: नळीतला दाब गेला की ब्रेक लागतो, तो टाकीत साठवलेल्या हवेच्या जोरावर. तीही हवा काढली की चाकं मोकळी होतात.

मग इंजिन गाडीला मागून ढकलत, माणसाच्या चालीने, उंचवट्यावर चढवतं. माथ्यावर कपलिंग, म्हणजे दोन वाघिणींमधला जोड, सोडणारा उभा असतो. ताण असेल तर जोडाची खीळ जागची हलत नाही. ढकलताना मात्र कपलिंग सैल पडतं आणि तेवढ्यात तो कपलिंगची दांडी उचलतो. वाघीण सुटते, पुढचे रूळ बदलणारे सांधे तिच्यासाठी आधीच फिरलेले असतात.

खरी गोम इथून पुढे आहे. रिकामी वाघीण साधारण 30 टनांची, भरलेली 130 टनांपर्यंत. गुरुत्वाकर्षण दोघींना सारखाच वेग देऊ पाहतं, पण वाऱ्याचा अडथळा हलकीला जास्त भोवतो. थंडीत बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट होतं, तेव्हा तर ती वाटेतच थांबू शकते. म्हणून उंचवटा सर्वांत मंद वाघिणीच्या हिशेबाने बांधावा लागतो, आणि मग इतर सगळ्या गरजेपेक्षा जोरात धावतात!

अमेरिकेत नेब्रास्कातलं बेली यार्ड जगातलं सर्वांत मोठं. तिथला एक उंचवटा 34 फुटांचा आहे. घर्षण नसतं तर खाली पोचेपर्यंत वेग ताशी 50 किलोमीटर झाला असता. उभ्या वाघिणीला जोडायला ताशी 6 किलोमीटर पुरतात. वेग आठपट म्हणजे धडकेची ऊर्जा जवळपास सत्तरपट; आतल्या मालाची काय गत होईल?

त्यासाठी उतारावर रुळालगत रिटार्डर असतात. पोलादी पट्ट्या चाकाला दोन्ही बाजूंनी चिमटतात, कानठळ्या बसवणारी किंकाळी उठते. वाघिणीचं वजन, रडारने मोजलेला वेग आणि पुढे रूळ किती रिकामा आहे, हे पाहून संगणक चिमट्याचा जोर ठरवतो.

पूर्वी हा अंदाज माणूस करायचा, तोही सुटलेल्या वाघिणीवर उभं राहून. हातब्रेकचं चाक आवळत तो खाली यायचा, उतरायचा आणि पुढच्या वाघिणीसाठी परत उंचवटा चढायचा. पावसात, बर्फात, रात्रीसुद्धा.