टागालोग बोलणारा माओ आणि आपलं तिरफळ

दुबईत माझ्या शेजारच्या डेस्कवर एक फिलिपिनो मित्र बसतो, तो लंच ब्रेकला मोबाइलवर 'कुकिंग मास्टर बॉय' ही कार्टून सिरीयल बघतो आणि तेही टागालोग, म्हणजे फिलिपिन्सच्या भाषेतल्या, डबिंगमधलंच. एकदा मी ओरिजिनल जपानी लावून दिलं तर दोन मिनिटांत बंद केलं, म्हणाला हा माओ नाहीच!

आता गंमत बघा, सिरीयल जपानी, १९९७-९८ ची, ५२ भागांची, गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या चीनमधली, सिचुआन प्रांतातल्या माओ नावाच्या एका पोरसवदा आचाऱ्याची, आणि याला मात्र ती बघताना आठवतं शाळेतून आल्यावरचं मनिलातलं घर, आईने परतलेला सिनांगाग म्हणजे लसूण घातलेला भात.

यामागे मेंदूचं काम आहे. मोठेपणी मागे वळून बघितलं की साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त आणि ठळक निघतात. त्यात लहानपणीच्या भाषेचं वजन वेगळंच, घरचे रागावताना वापरायचे ते शब्द त्या भाषेत ऐकले की तळहाताच्या त्वचेवर घामाचा बारीकसा फरक पडतो, नंतर शिकलेल्या भाषेत तो कमी पडतो, हे मोजून बघितलेलं आहे. म्हणजे माओ जेव्हा टागालोगमध्ये 'आंग साराप', किती चविष्ट, म्हणतो तेव्हा ते कानापेक्षा खोल कुठेतरी पोचतं. आणि लसणाचा वास तर बाकीच्या इंद्रियांसारखा थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या केंद्रातून वळसा घेत नाही, थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जोडलेला असतो.

१६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या डॉक्टरने नॉस्टॅल्जिया हा शब्द काढला तो आजार म्हणून, घरापासून लांब असलेल्या स्विस लोकांचा. आजचं संशोधन उलट सांगतं, एकटेपणात हीच आठवण माणसाला आधार देते, आणि आखातात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही.

मागच्या आठवड्यात मी डब्यात बांगड्याचं तिखलं नेलं होतं, आईच्या पद्धतीने तिरफळं ठेचून घातलेलं. त्याने घास घेतला, थांबला, ओठांना बोट लावून बघितलं आणि म्हणाला, ओठ थरथरतायत, माओच्या मापो तोफूत हेच असतं का? मापो तोफू म्हणजे सिचुआनचा सोयाच्या पनीरचा झणझणीत पदार्थ, आणि त्यात जवळजवळ हेच! सिचुआनची मिरी आणि कोकणातलं तिरफळ दोघंही झँथॉक्सिलम या एकाच वनस्पती-वंशातले, सख्खे नाही तरी चुलतभाऊच. सिचुआन मिरीतला सान्शूल हा घटक स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतो, २०१३ मध्ये लंडनमध्ये मोजलं तेव्हा ओठांवरची ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांएवढी भरली. म्हणजे ती चव नाहीच, जिभेला आणि ओठांना झालेला स्पर्श आहे, आणि इतकी वर्षं फक्त बघितलेला तो पदार्थ त्याच्या ओठांना पहिल्यांदा कळला तो मालवणी रश्शातून.

दिवाळीत घरी जातोय, येताना पाव किलो तिरफळं आणायचीत, अर्धी त्याची.