चित्रातले डोळे पाठलाग का करतात?

‘सिद्धहस्त चित्रकाराने काढलेल्या चेहऱ्याचे डोळे खोलीभर आपला पाठलाग करतात,’ हा समज फार जुना. आजोबांचं चित्र काढून घेणारेही कधी तशी अट घालतात. पण यात हातखंडा लागत नाही. समोर बसलेल्याने चित्रकाराकडे सरळ बघितलं, की बुबुळं मधोमध येतात. कागद सपाट, तुम्ही बाजूला सरकलात तरी ती मधोमधच दिसतात. पुतळ्याचं तसं नाही, बाजूला गेलं की नजर सुटते.

पडताळायचंय? पासपोर्ट साइजचा फोटो (त्यात कसली आलीय सिद्धी!) टेबलावर उभा करा, डावी-उजवीकडे फिरा. तोही बघत राहील. मग तिरकं बघणाऱ्या कुणाचा फोटो ठेवा. कुठूनही बघा, नजरानजर होत नाही.