स्वस्त घडीचा चाकू कसा पारखावा: शिक्क्यापासून पाण्यापर्यंत

स्वस्तातला घडीचा चाकू हाती घेतला की बहुतेकांची नजर आधी पात्यावर कोरलेल्या अक्षरांवर जाते. ‘स्टेनलेस’, ‘४४०’ किंवा ‘डी२’ अशी पोलादाच्या प्रकाराची नावं, कुठल्या तरी गावाचं नाव, एखादं चिन्ह. पातं उघडून हलवून बघणं नंतर येतं आणि पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे ते तापवून-विझवून कडक कसं केलंय, हा प्रश्न तर सहसा कोणी विचारतच नाही. माझ्या मते पारख याच्या अगदी उलट क्रमाने व्हायला हवी. अक्षरांवरचा हा विश्वास मुळात आला कुठून, हे पाहिलं की त्याचं कारण कळतं.

त्याचा एक मोठा धागा इंग्लंडमधल्या शेफील्डला जातो. १६२४ साली तिथल्या हॅलमशायर भागातल्या चाकू-सुऱ्या घडवणाऱ्या कारागिरांची संस्था पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. प्रत्येकाने आपलं चिन्ह तिथे नोंदवायचं आणि तेच पात्यावर ठोकायचं. पातं वाईट निघालं तर ते कोणाच्या भट्टीतलं, हे सांगता यायचं. त्या काळी शिक्का ही जाहिरात नव्हती, ती जबाबदारी होती.

पोलादाची प्रत मात्र तेव्हा बेभरवशाची असे. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करण्याची रीत बसवली, तर शेफील्डच्याच कारागिरांना ते घडवायला फार कडक वाटलं. त्याचा माल आधी फ्रान्समध्ये खपला. पुढे १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी भारतीय वुट्झ पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची तपासणी करून १७९५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि जेम्स स्टोडार्ट या कारागिराने त्या पोलादातून लेखण्या तासायचा चाकू घडवला. युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षाही आपण वुट्झला पसंती देतो, असं स्टोडार्टने नंतर आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर छापलं. आपल्याकडच्या पोलादाची पारख तेव्हा नावावर झाली नाही. ते तापवून, घडवून, धार लावून झाली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एकोणिसाव्या शतकात शिक्क्याची पत घसरली. जर्मनीतल्या झोलिंगेनचा स्वस्त माल शेफील्डचं नाव ठोकून विकला जाऊ लागला. शेफील्डकरांच्या तक्रारींचा मोठा वाटा असलेला व्यापारचिन्हांचा कायदा ब्रिटनने १८८७ मध्ये केला आणि परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालणं आलं. हेतू होता गिऱ्हाइकाला सावध करण्याचा, पण जर्मन माल सुधारत गेला आणि ‘मेड इन जर्मनी’ हीच खात्रीची खूण ठरली. इतकी की १९३८ मध्ये ‘झोलिंगेन’ या नावाची नक्कल थांबवण्यासाठी जर्मनीलाच कायदा करावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरीकडे स्वस्त आणि चांगला या दोन गोष्टी एकत्र येत होत्या. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी साधा चाकू काढला. एका लाकडी मुठीत खाच, तोंडाशी पत्र्याचं कडं, एक रिव्हेट आणि पातं, बस्स. ना पाठीला स्प्रिंग, ना पितळी पट्ट्या. १८९७ पासून तो १ ते १२ क्रमांकांच्या आकारांत मिळू लागला. पातं बोटांवर मिटू नये म्हणून फिरवून अडकवायचं कडं १९५५ मध्ये आलं. जपानमध्ये मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हिगोनोकामी तर याहून साधा: दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि पात्यामागे अंगठ्याने दाबायची छोटी दांडी. पेन्सिली तासायला तो शाळकरी मुलांच्या खिशात असायचा. या दोन्ही चाकूंत पैसा वाचवला आहे तो भागांत आणि सजावटीत. पोलादात आणि पाण्यात नाही. काटकसर नेमकी कुठे केली आहे, हे पाहणं हाच स्वस्त चाकूच्या पारखीचा गाभा आहे.

पाणी देणं म्हणजे पोलाद लाल तापवून विझवणं आणि मग ठिसूळपणा जावा म्हणून मंद आचेवर थोडं नरम करणं. त्यात चूक झाली तर उत्तम पोलादही वाया जातं. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळ्यांसाठी प्रयोग करताना न गंजणारं क्रोमियमचं पोलाद बनवलं. त्याचे चाकू करून पाहायला सांगितलं तेव्हा पहिली पाती कापेचनात. साध्या पोलादाच्या सवयीने त्यांना पाणी दिलं होतं, या पोलादाला मात्र जास्त उष्णता हवी होती. ती मिळाली आणि स्टेनलेसचे चाकू चालू लागले. याच काळात अमेरिकेत ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांनी कडकपणा मोजायचं यंत्र बनवलं. त्याच्या ‘सी’ मोजपट्टीवर चांगल्या खिशातल्या चाकूचं पातं साधारण ५५ ते ६० भरतं. दुकानात ते यंत्र नसतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला पाणी दिसत नाही, फक्त अक्षरं दिसतात.

आजचे बरेच स्वस्त चाकू चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगजियांगमधून येतात. चिनी पोलादाच्या नावातून थोडं कळतं: ‘८सीआर१३एमओव्ही’मध्ये सुमारे ०.८ टक्के कार्बन आणि १३ टक्के क्रोमियम असतं, तर ‘३सीआर१३’मध्ये कार्बन जेमतेम ०.३ टक्के. दुसऱ्याची धार लवकर जाते. पण पाणी बरोबर दिलंय का, हे दोन्ही नावं सांगत नाहीत.

म्हणून हाताने पाहावं. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवा. खिळखिळं असेल तर रिव्हेट किंवा स्क्रू ढिला आहे. स्क्रू असेल तर घट्ट करता येतो, रिव्हेटचं तसं नाही. मिटवल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसायला हवं, एका बाजूला घासता कामा नये. धारेच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे का ते उजेडात धरून बघा. उघडं पातं धरून ठेवणारी अडकण असलेल्या चाकूत पातं उघडून, बोटं धारेच्या वाटेतून दूर ठेवून, पाठीवर हलका दाब द्या. अडकण सरकली तर तो चाकू परत करा. बाकी सगळ्यांत तडजोड चालेल, यात नाही.

पाण्याची परीक्षा घरी होते. जाड पुठ्ठा थोडा वेळ कापत राहा. धार एका बाजूला वळली तर पोलाद नरम राहिलंय, कपच्या उडाल्या तर ठिसूळ. मात्र पहिल्याच दिवशी निकाल देऊ नका. कारखान्यात पट्ट्यावर घाईने धार लावताना अगदी कडेचं पोलाद तापून नरम पडलेलं असू शकतं. कुरुंदाच्या दगडावर दोन-तीनदा धार लावली की तो भाग झिजून जातो आणि खालचं पोलाद वर येतं. नवा असताना लवकर बोथट होणारा चाकू त्यानंतर चांगला चाललेला पुष्कळदा दिसतो.