सी भाषेत फाइल उघडताना व वाचताना येणारे दोष

सी भाषेतला प्रोग्रॅम फाइल उघडू शकत नाही किंवा उघडलेल्या फाइलमधून भलतेच वाचतो, तेव्हा कारण हुडकण्याची पद्धत. फाइल एफओपन या फंक्शनने उघडतात. काम झाले तर फाइलचा पॉइंटर मिळतो, नाही तर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर. नल न तपासता वाचायला घेतले की प्रोग्रॅम बहुधा पुढच्या ओळीत कोसळतो आणि शोध चुकीच्या जागी सुरू होतो. म्हणून अंदाज बांधण्याआधी पीएरर हे फंक्शन वापरावे. एर्नो या चलात नोंदलेले कारण ते छापते. ते शब्दांत असते; एर्नोमधला क्रमांक पाहिला तर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर २ म्हणजे अशी फाइल किंवा फोल्डर नाही, १३ म्हणजे परवानगी नाही.

क्रमांक २ आला की दोष नावात किंवा जागेत असतो. नुसते नाव दिले तर प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवला तिथे शोध होतो. सोर्स फाइल कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. विंडोज एक्स्टेन्शन लपवत असेल, तर डॉट टीएक्सटी दोनदा लागलेलेही दिसत नाही.

बॅकस्लॅशचा घोळ नागपूरकरांनी नीट समजून घ्यावा, कारण इथली गावे आणि ठिकाणेच त्यात अडकतात. विंडोजच्या पाथमध्ये फोल्डरचे नाव छोट्या रोमन अक्षरांत नागपूर असेल, तर बॅकस्लॅश आणि एन मिळून नवी ओळ होते. टेकडीचा टॅब होतो, रामटेकचा कॅरेज रिटर्न, बुटीबोरीचा बॅकस्पेस, फुटाळ्याचा फॉर्म फीड आणि अंबाझरीची घंटा. विदर्भ व्हीने लिहिला तर उभा टॅब. पाथ पडद्यावर छापून पाहिला की बिघाड लगेच कळतो. बॅकस्लॅश दोनदा लिहावा किंवा साधा स्लॅश वापरावा. विंडोजला तोही चालतो.

एफओपनला फाइल कशासाठी उघडायची ते सांगणाऱ्या मोडकडेही लक्ष हवे. वाचायचे असताना लिहिण्याचा डब्ल्यू दिला, तर फाइल उघडताक्षणी रिकामी होते, काहीही न विचारता.

वाचताना सर्वांत जास्त फसवतो तो एफईओएफवर चालणारा लूप. वाचायचा एक प्रयत्न फसल्यावरच हे फंक्शन शेवट झाल्याचे सांगते, त्यामुळे शेवटची ओळ दोनदा छापली जाते. लूप एफगेट्स किंवा एफस्कॅनएफ हे वाचणारे फंक्शन काय परत देते त्यावरच चालवावा. कळमना बाजारातील संत्र्यांचे भाव नोटपॅडमध्ये लिहून बॉमसह (फाइलच्या सुरुवातीला लागणाऱ्या खुणेसह) यूटीएफ-८ मध्ये साठवले, तर आकड्यांआधी ३ अदृश्य बाइट येतात. एफस्कॅनएफ पहिल्याच आकड्यावर अडतो, पुढे सरकत नाही, आणि एफईओएफवरचा लूप कधीच थांबत नाही.

मराठी मजकुरासाठी जागा मोजताना अक्षरे मोजून भागत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना आणि उकारही. ‘नागपूर’ला १८ बाइट लागतात, ओळीचा शेवट आणि मजकूर संपल्याची खूण असलेला शून्य बाइट धरून २०. एफगेट्सला १२ बाइटची जागा दिली, तर ११ बाइट वाचले जातात: न, काना आणि ग यांचे ९, आणि ‘प’चे ३ पैकी २. या तुकड्यानंतर नवी ओळ छापली, तर ‘प’च्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन दिसतात.