कुष्ठरोगाचे 'निर्मूलन' आणि २००५ चा निकष : पार्श्वभूमी

दरवर्षी ३० जानेवारीला मराठवाड्यातल्या ग्रामसभांत कुष्ठरोगाविषयी प्रतिज्ञा होते. फलकावर शब्द असतो 'निर्मूलन'. डिसेंबर २००५ मध्येच देशाने हे उद्दिष्ट गाठले, असे जाहीर झाले होते. तरीही आशाताईंकडे संशयित रुग्णांची यादी असते आणि तपासणीत दर वर्षी नवे रुग्ण निघतात. यात कुणी खोटे बोललेले नाही. घोळ आहे तो मोजमापात, आणि त्या मोजमापाला दिलेल्या नावात.

जुना इतिहास थोडक्यात. आयुर्वेदात 'कुष्ठ' ही त्वचारोगांची मोठी जात होती, तिचे अठरा प्रकार मानले जात. आजचा कुष्ठरोग गावाकडे रगतपिती किंवा महारोग म्हणून ओळखला गेला. १८७३ मध्ये नॉर्वेत त्याचा जंतू सापडला. १९५५ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याच्या नावात 'नियंत्रण' होते. औषध म्हणजे डॅप्सोनची एकच गोळी, तीही वर्षानुवर्षे. पुढे जंतू तिला दाद देईनासे झाले, म्हणून रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन जोडून बहुविध औषधोपचार आला. १९८३ मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलून 'निर्मूलन' झाले.

सार्वजनिक आरोग्यात या शब्दांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. रोग सोसण्याइतका खाली आणणे म्हणजे नियंत्रण. एखाद्या प्रदेशात ठरावीक पातळीखाली किंवा शून्यावर आणणे म्हणजे दूरीकरण. जगातूनच कायमचा घालवणे हे निर्मूलन. देवीच्या बाबतीत ते झाले. भारतातून नारूही गेला. जिथे पाणी भरताना माणसे पायऱ्यांवरून थेट पाण्यात उतरत, अशा बारवा आणि पायविहिरींतून नारू पसरे. शेंदून पाणी काढण्याची सोय, पाण्यात टाकायचे टेमेफॉस हे कीटकनाशक आणि गाळलेले पाणी यांनी तो थांबला. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. नारूचा जंत वर्षभरात पायातून बाहेर पडतो, सगळ्यांना दिसतो. कुष्ठरोगाचा जंतू सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही, काही न दाखवता अंगात राहतो. एकाला जमलेली गोष्ट दुसऱ्याला तशीच लागू होणार नव्हती.

१९९१ च्या जागतिक ठरावाने कुष्ठरोगासाठी उद्दिष्ट ठरवले ते दूरीकरणाचे, आणि तेही 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून'. निकष असा: दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. इथे रुग्ण म्हणजे त्या दिवशी नोंदवहीत उपचार चालू असलेली व्यक्ती. औषध पूर्ण केले की नाव कमी होते, मग हाताची बोटे वाकडी राहिली असली तरी. न शोधलेला रुग्ण तर मुळातच मोजला जात नाही. आपल्या फलकांवर मात्र हेही 'निर्मूलन'च झाले.

खरी अडचण पुढच्या निर्णयात आहे. १९९८ मध्ये जास्त चट्टे असलेल्या, म्हणजे बहुजिवाणू रुग्णांचा उपचार २४ महिन्यांवरून १२ महिन्यांवर आणला गेला. समजा, एका जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख आहे आणि दर वर्षी असे २०० नवे रुग्ण निघतात. दोन वर्षांच्या उपचारात नोंदवहीत एका वेळी ४०० नावे असतात, प्रमाण दहा हजारी १.६. एक वर्षाच्या उपचारात तेच २०० नवे रुग्ण, नावे २००, प्रमाण ०.८. जिल्हा निकषात बसला, आणि गावातला संसर्ग तसूभरही घटला नाही. उपचार कमी करणे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होते. रोग उलटण्याचे प्रमाण कमी राहिले आणि अधिक लोकांनी औषध पूर्ण केले. चूक झाली ती त्या घटलेल्या आकड्याला यश म्हणण्यात.

त्याचे परिणाम २००५ नंतर दिसले. घरोघर फिरून अंग तपासणारी स्वतंत्र यंत्रणा आवळत गेली, काम प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे आले आणि रुग्णाने आपणहून यावे अशी अपेक्षा राहिली. पण हा चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस येत नाही. पुढची दहा वर्षे देशात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास नवे रुग्ण निघत राहिले. २०१६ पासून शोधमोहिमा पुन्हा सुरू कराव्या लागल्या.

तपासणीत फसगत कुठे होते, हे माहीत हवे. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्याला संवेदना असते. शिब्याला बारीक कोंडा येतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर आणि बधिर असतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने हलका स्पर्श करायचा, आणि कुठे लागले ते त्याने बोटाने दाखवायचे. कोपरामागची आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस जाड झाली आहे का, तेही चाचपायचे. काही रुग्णांत चट्टा ठळक नसतो, नुसती चकाकी आणि जाड झालेल्या कानाच्या पाळ्या असतात. हेच सर्वांत जास्त सुटतात, आणि संसर्ग जास्त पसरतो तो यांच्याकडूनच.

मराठवाड्यात यात ऊसतोडीची भर पडते. दसरा-दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालन्यातली कितीतरी वस्ती आणि तांडे कारखान्यांकडे जातात, ते उन्हाळ्यातच परततात. थंडीतल्या मोहिमेत घराला कुलूप दिसते. बहुजिवाणू रुग्णाला २८ दिवसांचे एक अशी बारा पाकिटे १८ महिन्यांच्या आत संपवायची असतात, म्हणून निघण्याआधी जादा पाकिटे हाती देणे हाच व्यवहार्य मार्ग. क्लोफाझिमिनने अंग काळपट पडते, रिफाम्पिसिनने लघवी लाल होते. हे आधी सांगितले नाही तर फडावर औषध बंद होते. बधिर हाताने कोयता धरणाऱ्याला जखम कळत नाही, आणि बोटे झडतात ती बहुतेक अशा चिघळलेल्या जखमांमुळे.

आता २०२७ पर्यंत संसर्ग थांबवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. नवा जागतिक निकष जुन्यापेक्षा प्रामाणिक आहे: नोंदवहीतली नावे न मोजता, सलग पाच वर्षे स्थानिक लागण झालेले एकही नवे बालरुग्ण न सापडणे. लहान मुलात चट्टा निघाला म्हणजे आसपास कुणीतरी उपचाराविना आहे. लागण टाळण्यासाठी रुग्णाच्या घरच्या आणि शेजारच्या दोन वर्षांवरील माणसांना रिफाम्पिसिनची एक मात्रा देतात. गरोदर स्त्रिया आणि क्षयाची लक्षणे असलेले यांना वगळतात. क्षय असताना एकटे रिफाम्पिसिन दिले तर त्याचे जंतू त्या औषधाला सरावतात, म्हणून आधी खोकला आणि ताप विचारणे चुकवू नये. रुग्णाच्या सहवासातले जे लोक ऊसतोडीवर आहेत त्यांची नावे यादीत वेगळी ठेवावीत आणि ही मात्रा ते परतल्यावर द्यावी. दिल्याची खूण आधीच करून ठेवू नये.