देवमासे आणि ध्रुवीय प्रकाश : उत्तर नॉर्वेतील नौकासहली

उत्तर नॉर्वेत ट्रोम्सोच्या परिसरातून ऑक्टोबरअखेर ते जानेवारीअखेर चालणाऱ्या पर्यटक बोटींच्या फेऱ्या. दिवसा हेरिंग माशांच्या मागावर आलेले ओर्का आणि हंपबॅक देवमासे पाहायचे आणि अंधार पडल्यावर, परतीच्या वाटेवर, ध्रुवीय प्रकाश म्हणजेच नॉर्दर्न लाइट्स, असा हा एका तिकिटातला दुहेरी बेत असतो. माहितीपत्रकात तो सरळ दिसतो. प्रत्यक्षात देवमासे हेरिंगवर अवलंबून, प्रकाश सूर्यावर आणि ढगांवर, आणि बोट वाऱ्यावर.

ट्रोम्सो शहर सुमारे 69.6° उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्या बरेच पलीकडे आहे. तिथे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तरी या दिवसांत चोवीस तास काळोख नसतो. दुपारच्या आसपास काही तास निळसर, कधी गुलाबी संधिप्रकाश असतो आणि देवमासे पाहायला मिळतात ते तेवढ्याच वेळात. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे इतक्या उत्तरेलाही किनाऱ्याचा समुद्र गोठत नाही, म्हणून ऐन हिवाळ्यात हा धंदा चालतो.

सगळ्याच्या मुळाशी हेरिंग आहे. वसंतात अंडी घालणारा नॉर्वेचा हा हेरिंग 1960 च्या दशकाच्या शेवटी बेसुमार मासेमारीने जवळजवळ संपला होता. साठा सावरायला बरीच वर्षे गेली. तो हिवाळा काढतो फ्योर्डमध्ये, म्हणजे हिमनद्यांनी कोरलेल्या आणि डोंगरांत खोल शिरलेल्या खाड्यांमध्ये. मात्र कोणत्या फ्योर्डमध्ये, हे कायमचे ठरलेले नाही. 1990 च्या दशकात तो दक्षिणेला ट्यूसफ्योर्डमध्ये येई आणि ओर्का सफारींचा बोलबाला तिथे होता. पुढे त्याने ती जागा सोडली. 2010 नंतरचे काही हिवाळे तो ट्रोम्सोच्या दारातल्या काल्डफ्योर्डमध्ये आला. तेव्हा लोक रस्त्याकडेला गाड्या लावून देवमासे पाहत. 2017 च्या सुमारास मुक्काम आणखी ईशान्येला, शेर्वोय बेट आणि क्वेनांगेन फ्योर्डकडे हलला. त्यामुळे ट्रोम्सोहून वेगवान बोटीनेही एका बाजूला सुमारे तीन तास मोडू लागले. शेर्वोयचे नाव ध्रुवीय इतिहासात आधीच आहे: तीन वर्षे बर्फात अडकून राहिलेले, ध्रुवीय संशोधक नान्सेनचे ‘फ्राम’ जहाज 20 ऑगस्ट 1896 रोजी याच बंदराला लागले.

ओर्का प्राणिशास्त्राच्या हिशेबात डॉल्फिन कुळातला. नराचा पाठीवरचा पर पावणेदोन मीटरपर्यंत उंच असतो आणि लांबूनही ओळखू येतो. इथली त्यांची शिकार सांघिक असते. कळप हेरिंगच्या थव्याभोवती फेर धरतो, खालून बुडबुडे सोडतो, पोटाची पांढरी बाजू चमकावतो आणि थव्याला पृष्ठभागाकडे रेटत आवळत नेतो. मग शेपटीचा एक जोरदार फटका बसतो आणि सुन्न झालेले मासे ओर्का एकेक करून टिपतात. बोटीवरून यातले दिसते थोडेच: पाण्यावर अचानक सुटलेली खळबळ, तुटून पडणारे सीगल, आणि गोंधळ शांत झाल्यावर तरंगणारे चंदेरी खवले. हंपबॅकची पद्धत वेगळी. तो जबडा उघडून खालून वर येतो आणि तोंडात मावेल तेवढा थवा एका दमात घेतो. ओर्कांनी बांधून ठेवलेल्या थव्यात घुसून आयते ताट पळवणे हेही त्याला चांगले जमते. त्याच्या उच्छ्वासाचा फवारा वाऱ्याने बोटीवर आला की शिळ्या मासळीचा वास नाकात बसतो. खोल बुडी मारताना शेपूट वर येते. तिच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची निराळी असते. त्या नक्षीच्या छायाचित्रांवरूनच इथले हंपबॅक पुढे कॅरिबियनच्या उबदार पाण्यात प्रजननाला जातात हे पक्के करता आले. पर्यटकांचे फोटोही या कामी येतात.

ध्रुवीय प्रकाशाचा खेळ सुमारे 100 किमी आणि त्याहून अधिक उंचीवर चालतो. सूर्यापासून येणाऱ्या सौरवाताने, म्हणजे विद्युतभारित कणांच्या झोताने, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजते, तिथले इलेक्ट्रॉन वेगाने खाली येऊन ऑक्सिजन व नायट्रोजनवर आदळतात. नेहमीचा हिरवा रंग ऑक्सिजनचा. त्याहून उंचावरचा तांबडाही ऑक्सिजनचाच. ट्रोम्सो या प्रकाशाच्या पट्ट्याखालीच असल्याने सौरवादळ लागतेच असे नाही, साध्या रात्रीही तो दिसतो. नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्केलान यांनी त्याच्या अभ्यासासाठी 1899 मध्ये याच भागात, आल्ताजवळच्या हाल्दे पर्वतावर, वेधशाळा उभारली होती.

खरे तर निव्वळ प्रकाशासाठी बोट हे काही उत्तम वाहन नाही. किनाऱ्यावर ढग असले की मोटारीने जाणारे लोक लिंगेन डोंगरांच्या पर्जन्यछायेत, स्किबोत्नकडे किंवा थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत आकाश शोधत जातात. बोटीला ती सोय नाही. फोटो काढताना डोलत्या डेकवर दहा-पंधरा सेकंदांचे एक्सपोजर देता येत नाही, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवून एक-दोन सेकंदांत भागवावे लागते. नुसत्या डोळ्यांना फिका प्रकाश बहुधा करडा-पांढरा दिसतो, फोटोतला हिरवा रंग पाहून आलेले काही जण म्हणूनच हिरमुसतात. बोटीची जमेची बाजू एवढीच की शहराचे दिवे मागे राहतात आणि कप्तान डेकवरचेही मालवतो. 1893 पासून किनारा जोडणाऱ्या हुर्टिग्रुटेनच्या जहाजांवर रात्री प्रकाश दिसू लागला की ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो.

गर्दीचा प्रश्न आहेच. ज्या हेरिंगसाठी देवमासे येतात त्याच्यासाठी मच्छीमारही येतात. कोकणात ज्यावरून वाद पेटतात तशाच पर्ससीन, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायच्या, जाळ्यांनी इथे हेरिंग पकडतात. जाळे ओढण्याचा आवाज ओळखून ओर्का तिथे जमतात, क्वचित देवमासे जाळ्यात अडकतात, आणि त्यांच्यामागे पर्यटक बोटी व पाण्यात उतरणारे हौशी येतात. म्हणून मासेमारी चालू असलेल्या जहाजांपासून पर्यटक बोटींनी अंतर राखण्याचे नियम करावे लागले. आवाज कमी व्हावा म्हणून काही बोटी आता बॅटरीवर चालतात. मच्छीमार आणि देवमासे यांचे नाते इथे जुने आहे. 1903 मध्ये मेहाम्न गावात चिडलेल्या मच्छीमारांनी देवमाशांच्या शिकारीचे केंद्र मोडून टाकले; देवमासे मासळी किनाऱ्याकडे हाकतात, ते मारले तर आपण उपाशी मरू, अशी त्यांची धारणा होती. लगेच 1904 मध्ये उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर या शिकारीला दहा वर्षांची बंदी आली. मिंकी देवमाशाची व्यापारी शिकार मात्र नॉर्वेने 1993 मध्ये पुन्हा सुरू केली, ती आजही चालू आहे.

बोटीचा प्रकार निवडताना ज्यांना बोट लागते त्यांनी मोठ्या, बंदिस्त केबिनच्या कॅटामरानचा, म्हणजे जोड-सांगाड्याच्या बोटीचा, विचार करावा. रबरी स्पीडबोट देवमाशांना जवळून दाखवते, पण जाड सूट चढवूनही थंडी हाडांत शिरते. पुण्या-मुंबईहून नॉर्दर्न लाइट्ससाठी जाणाऱ्यांनी महिना पाहून घ्यावा. जानेवारीत हेरिंग अंडी घालायला दक्षिणेकडे निघतो आणि त्याच्यामागे ओर्का-हंपबॅकही पांगतात, तर प्रकाशाचा हंगाम मार्चअखेरपर्यंत चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यांना देवमासा पाहायचाच आहे त्यांच्यासाठी आन्देनेस गाव आहे. तिथे किनाऱ्यालगत समुद्राचा तळ एकदम खोल जातो आणि त्या दरीत स्पर्म देवमासे वर्षभर असतात.